तीव्र हेमोफिलिया ए: जनुकाच्या तपासणीत दोष निघाला नाही, मग फॅक्टर आठ कुठे गेला?

अनुस्वार:

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा रांगू लागल्यापासून त्याच्या गुडघ्यांवर आणि छातीवर मोठे काळेनिळे डाग उठू लागले. पुढे ओठ किरकोळ फाटला तेव्हा रक्त काही केल्या थांबेना, म्हणून त्याच्या तपासण्या झाल्या. प्लेटलेटची संख्या आणि पीटी व्यवस्थित होते, एपीटीटी मात्र पुष्कळ लांबलेला निघाला (या दोन्ही चाचण्या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजतात). त्यानंतर फॅक्टरांची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची, पातळी मोजली गेली, आणि फॅक्टर आठ एक टक्क्याहून कमी, तर फॅक्टर नऊ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर वयाच्या मानाने योग्य प्रमाणात असल्याचे दिसले. दुसऱ्यांदा घेतलेल्या नमुन्यातही तेच आले, त्यामुळे तीव्र हेमोफिलिया ए या निदानाबद्दल आता कोणाला शंका उरलेली नाही. आमच्या वडिलांकडे किंवा आईच्या माहेरी असा आजार कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

गोंधळ झाला तो जनुकाच्या तपासणीनंतर. अहवालात असे लिहिले आहे की एफ-८ या फॅक्टर आठच्या जनुकाच्या सर्व २६ एक्झॉनांचे (प्रथिनाची कृती असलेल्या तुकड्यांचे) सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षर न अक्षर वाचन, केले असता रोगास कारणीभूत ठरेल असा बदल आढळला नाही. अहवाल समजावून सांगणाऱ्या व्यक्तीने बहिणीला सांगितले की दोष सापडला नाही, याचा अर्थ आजार आनुवंशिक नाही आणि पुढच्या बाळाला धोका नाही. ऐकायला बरे वाटले, पण मला ते पटलेले नाही. ज्या प्रथिनाची कृती जनुकात लिहिलेली असते ते प्रथिन रक्तात जवळजवळ नाहीच, आणि तरीही जनुक निर्दोष आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

माझी बहीण वाहक, म्हणजे सदोष जनुक पुढच्या पिढीला देऊ शकणारी, असण्याची शक्यता या अहवालामुळे खरोखर कमी होते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. मी तिची थोरली बहीण; माझेही लग्न झालेले असून मूल होऊ देण्याचा विचार आहे, त्यामुळे हाच प्रश्न मला स्वतःबद्दलही पडतो. शिवाय जनुकातील दोष नेमका कोणता हे कळल्याने उपचारात काही फरक पडतो, की केवळ फॅक्टरची पातळी माहीत असणे पुरेसे आहे, याबद्दलही जाणकारांनी लिहावे.

---

सूक्ष्मदर्शी:

अनुस्वार, तुमची शंका रास्त आहे. मी जनुकीय निदानाच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि अशा प्रकारचे अहवाल आमच्याकडे दुसऱ्या मतासाठी नेहमी येतात. सिक्वेन्सिंगचा तुमचा अहवाल चुकीचा असेलच असे नाही. तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न मात्र अपुरा आहे.

फॅक्टर आठचे जनुक एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेच्या अगदी टोकाजवळ असते. त्याची लांबी सुमारे १ लाख ८६ हजार बेसजोड्या आहे (बेस म्हणजे डीएनएची अक्षरे). परंतु प्रथिनाची कृती ज्यांत लिहिलेली असते ते २६ एक्झॉन एकत्र केले तर जेमतेम ९ हजार बेस भरतात. उरलेला सगळा भाग इंट्रॉनांचा, म्हणजे एक्झॉनांच्या मधल्या तुकड्यांचा. नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये प्रत्येक एक्झॉन आणि त्याच्या दोन्ही कडांचा थोडासा भाग वेगळा उचलून वाचला जातो. त्यामुळे एखादा बेस बदलला असेल, दोन-चार बेस गळाले असतील किंवा एक्झॉन जोडण्याच्या जागी बिघाड असेल, तर तो सापडतो. सगळे एक्झॉन जागच्या जागी आणि योग्य क्रमाने आहेत की नाहीत, हे मात्र त्यातून कळत नाही.

आता २२ क्रमांकाच्या इंट्रॉनकडे पाहू. हा इंट्रॉन सुमारे ३२ हजार बेसजोड्यांचा आहे आणि त्याच्या पोटात साधारण साडेनऊ हजार बेसजोड्यांचा एक तुकडा आहे. या तुकड्याच्या जवळजवळ तंतोतंत अशा आणखी दोन प्रती जनुकाच्या बाहेर, गुणसूत्राच्या टोकाच्या दिशेने चार-पाच लाख बेसजोड्यांच्या अंतरावर असतात. शुक्रपेशी तयार होताना एक्स गुणसूत्राला बहुतांश लांबीभर जोडीदार नसतो, त्यामुळे त्याचे टोक स्वतःवरच दुमडू शकते आणि इंट्रॉनमधील प्रत बाहेरच्या एखाद्या प्रतीशी जुळून तेथे अदलाबदल होऊ शकते. परिणामी १ ते २२ हे एक्झॉन उलट्या दिशेने होऊन २३ ते २६ या एक्झॉनांपासून लांब जाऊन पडतात. सव्वीस डब्यांच्या गाडीचे पहिले बावीस डबे तुटून दूरच्या रुळावर उलट्या तोंडाने उभे असावेत आणि तपासनीसाने प्रत्येक डब्यात शिरून ‘आतले सगळे ठीक’ असा शेरा मारावा, तसा तुमचा अहवाल आहे. एकाही एक्झॉनमधला एकही बेस बदललेला नसतो, तरी सलग फॅक्टर आठ कधीच तयार होऊ शकत नाही.

याला इंट्रॉन २२ इन्व्हर्जन म्हणतात. १९९३ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी त्याचा उलगडा स्वतंत्रपणे केला. तोपर्यंत तीव्र हेमोफिलिया ए असलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या जनुकात, कितीही शोधले तरी, दोष सापडत नसे, आणि हे कोडे बरीच वर्षे तसेच राहिले होते. आज आपल्याला माहीत आहे की तीव्र स्वरूपाच्या रुग्णांपैकी सुमारे ४० ते ४५ टक्के रुग्णांमध्ये हाच एक दोष असतो. पहिल्या इंट्रॉनमध्येही असाच, पण बराच लहान तुकडा आहे, आणि त्यामुळे होणारे इन्व्हर्जन तीव्र स्वरूपाच्या १ ते ५ टक्के रुग्णांमध्ये दिसते. म्हणूनच फॅक्टर आठ एक टक्क्याखाली असेल तर आधी ही दोन इन्व्हर्जने तपासावीत आणि ती नसतील तरच सिक्वेन्सिंगकडे वळावे, असा रिवाज आहे. यासाठी पूर्वी सदर्न ब्लॉट ही डीएनएची तपासणी करावी लागे. आता लाँग-रेंज पीसीआर किंवा इन्व्हर्स पीसीआरने (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतींनी) काम भागते. तुमच्या अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत तपासणीची पद्धत आणि तिच्या मर्यादा दिलेल्या असतील, त्या वाचून पाहा. इन्व्हर्जनाचा समावेश नसल्याचे तेथे लिहिलेले असण्याची दाट शक्यता आहे.

इन्व्हर्जनही निघाले नाही, तर एमएलपीए ही एक्झॉनांच्या प्रती मोजणारी तपासणी करावी लागते. मुलाकडे एकच एक्स गुणसूत्र असल्यामुळे एखादा एक्झॉन पूर्ण गळालेला असेल तर तो पीसीआरमध्ये उमटतच नाही आणि लक्षात येतो. परंतु एखादा एक्झॉन दोनदा आलेला असेल तर साध्या सिक्वेन्सिंगला त्याचा पत्ता लागत नाही. बायकांमध्ये तर गळालेला एक्झॉनसुद्धा दुसऱ्या गुणसूत्रामुळे झाकला जातो. एवढे सगळे करूनही काही थोड्या रुग्णांत दोष हाती लागत नाही. त्यांच्यापैकी काहींमध्ये तो इंट्रॉनच्या खोल भागात असतो, जेथे एका बेसच्या बदलाने एक्झॉन जोडण्याची खोटी जागा तयार होते आणि नको असलेला मजकूर प्रथिनाच्या कृतीत घुसतो.

‘घराण्यात कोणाला नाही, म्हणून आनुवंशिक नाही’ या नेहमीच्या समजाबद्दलही लिहायला हवे, कारण त्याने फार नुकसान होते. हेमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात आधी कोणालाच हा आजार नसतो. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३५ मध्ये याच आधारावर मानवी जनुकातील उत्परिवर्तनाचा वेग मोजण्याचा प्रयत्न केला. त्यांचा तर्क असा होता की पूर्वीच्या काळी हेमोफिलिया असलेल्या फारच थोड्या पुरुषांना मुले होत, म्हणजे सदोष जनुके प्रत्येक पिढीत नाहीशी होत होती. तरीही रुग्णांचे प्रमाण टिकून होते, त्या अर्थी तेवढीच नवी उत्परिवर्तने घडत असली पाहिजेत. पण उत्परिवर्तन नवे आहे म्हणजे ते या मुलातच प्रथम घडले असे नव्हे. ते त्याच्या आईच्या जन्माच्या वेळी, म्हणजे आजोबांच्या किंवा आजीच्या बीजपेशीत घडलेले असू शकते, आणि मग आई वाहक असते. इन्व्हर्जनाच्या बाबतीत तर ते प्रामुख्याने शुक्रपेशीत घडत असल्यामुळे अशा मुलांच्या माता जवळजवळ नेहमीच वाहक निघतात. बहिणीला ‘धोका नाही’ असे सांगणे हे म्हणूनच वस्तुस्थितीच्या नेमके उलट ठरू शकते.

---

निळी शाई:

मी स्वतः हेमोफिलिया बी चा रुग्ण आहे, म्हणजे माझ्यात फॅक्टर नऊ कमी आहे. धागा ए बद्दलचा असला तरी ‘नेमका दोष कळून काय फायदा’ या प्रश्नावर बी मधली उदाहरणे फार बोलकी आहेत, म्हणून लिहितो.

फॅक्टर नऊचे जनुकही एक्स गुणसूत्रावरच आहे, पण ते बरेच आटोपशीर आहे. त्यात सुमारे ३४ हजार बेसजोड्या आणि अवघे ८ एक्झॉन आहेत. आठच्या जनुकाला ज्या इन्व्हर्जनाने ग्रासले आहे तसा वारंवार घडणारा प्रकार यात नाही; येथे बहुतेक रुग्णांमध्ये एखाद्या बेसचा बदल असतो. तो कोठे झाला यावर किती फरक पडतो, हे ३३८ क्रमांकाच्या आर्जिनिनवरून, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील एका दुव्यावरून, पाहावे. या अमिनो आम्लाचा संकेत सीजीए असा आहे. सी नंतर जी येतो अशा जागा जनुकात अस्थिर असतात, कारण तेथील सी ला मिथाइल गट चिकटलेला असला तर त्याचे टी मध्ये रूपांतर सहज होते. तसे झाले की सीजीए चे टीजीए होते, म्हणजे ‘येथे थांबा’ असा संकेत तयार होतो, प्रथिन अर्धवट राहते आणि तीव्र हेमोफिलिया बी होतो. त्याच संकेतातील मधला बेस बदलून सीटीए झाला, तर मात्र आर्जिनिनच्या जागी ल्युसिन येते आणि फॅक्टर नऊची क्रिया सुमारे आठपट होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पदुआ या प्रकारात असेच घडले होते, आणि त्या तरुणाला रक्तस्राव तर नव्हताच, उलट शिरेत गुठळी झाली होती. आज हेमोफिलिया बी च्या जनुकोपचारात मुद्दाम हेच पदुआ रूप वापरले जाते. एकाच संकेतातील दोन शेजारचे बेस, आणि परिणाम दोन विरुद्ध टोकांचे!

दुसरे उदाहरण हेमोफिलिया बी च्या लायडन प्रकाराचे. यात प्रथिनाच्या कृतीला धक्काही लागलेला नसतो. बिघाड असतो तो जनुक चालू करणाऱ्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे प्रमोटरमध्ये. अशा मुलांमध्ये लहानपणी फॅक्टर नऊ एक टक्क्याच्या खाली असू शकतो, परंतु वयात आल्यावर पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने जनुकाला चालना मिळते आणि पातळी हळूहळू ३० ते ६० टक्क्यांपर्यंत चढते. ज्या आईवडिलांना आपल्या मुलाचा दोष लायडन प्रकारचा असल्याचे कळते, त्यांच्यासाठी ती किती मोठी बातमी असेल याची कल्पना करा. नुसत्या फॅक्टरच्या पातळीवरून ती कधीच कळली नसती. मात्र त्याच प्रमोटरमध्ये उणे २६ या जागी होणारा ब्रँडेनबर्ग नावाचा बदल संप्रेरकाला प्रतिसाद देणारी जागाच मोडतो, त्यामुळे त्या रुग्णांना वयात येऊनही हा लाभ मिळत नाही.

अहवाल वाचताना एक काळजी घ्यावी. वर मी ३३८ म्हटलेले आर्जिनिन नव्या पद्धतीच्या अहवालात ३८४ म्हणून येईल, कारण आता मोजणी प्रथिनाच्या सुरुवातीच्या, नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागापासून होते. फॅक्टर नऊमध्ये जुन्या आणि नव्या क्रमांकांत ४६ चा फरक पडतो, तर फॅक्टर आठमध्ये १९ चा. मामाचा जुना अहवाल आणि भाच्याचा नवा अहवाल शेजारी ठेवून ‘दोष वेगळा निघाला’ असे ठरवण्यापूर्वी ही वजाबाकी करून पाहावी.

---

प्लाझ्मा:

मी रक्तविकारांच्या विभागात काम करणारी डॉक्टर आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. उपचाराच्या अंगाने थोडी भर घालते.

अनुस्वार, तुमच्या भाच्याच्या बाबतीत दोषाचा प्रकार कळण्याचा सर्वांत थेट उपयोग इनहिबिटरच्या संदर्भात आहे. तीव्र हेमोफिलिया ए असलेल्या २५ ते ३० टक्के मुलांमध्ये बाहेरून दिलेल्या फॅक्टर आठविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच इनहिबिटर, तयार होतात आणि मग दिलेला फॅक्टर निकामी ठरतो. कारण समजायला अवघड नाही. ज्या शरीराने फॅक्टर आठ कधी पाहिलेलाच नाही, त्याला तो परका वाटतो. म्हणून ज्यांच्या जनुकाचे अनेक एक्झॉन एकदम गळालेले आहेत त्यांच्यात हा धोका सर्वाधिक असतो, तर केवळ एक अमिनो आम्ल बदलणाऱ्या मिसेन्स प्रकारात तो बराच कमी असतो, कारण तेथे सदोष का होईना, प्रथिन रक्तात फिरत असते. इंट्रॉन २२ इन्व्हर्जन या दोन टोकांच्या मधे येते. पूर्ण प्रथिन नसूनही धोका सर्वाधिक का नाही, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की तुटलेले दोन्ही भाग पेशीच्या आत थोडेफार तयार होत राहतात आणि प्रतिकारशक्तीला त्यांची ओळख राहते. मला ते पटण्याजोगे वाटते. इनहिबिटर बहुधा फॅक्टर दिल्याच्या पहिल्या ५० दिवसांत उद्भवतो. येथे दिवस म्हणजे ज्या ज्या दिवशी फॅक्टर टोचला ते दिवस, कॅलेंडरचे नव्हेत. त्या काळात बेथेस्डा पद्धतीने इनहिबिटरची तपासणी ठरावीक अंतराने व्हायला हवी, आणि ज्याच्या दोषाचा प्रकार जोखमीचा आहे त्याच्या बाबतीत आम्ही अधिक सावध राहतो.

हेमोफिलिया बी मध्ये इनहिबिटर कमी, म्हणजे तीव्र स्वरूपाच्या साधारण ३ ते ५ टक्के रुग्णांत होतो. परंतु फॅक्टर नऊचे जनुक मोठ्या प्रमाणात गळालेले असेल तर इनहिबिटरबरोबरच फॅक्टरची तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते, प्रसंगी जिवावर बेतणारी. त्यामुळे अशा दोषाची मुले सुरुवातीचे फॅक्टर घरी न घेता रुग्णालयात, देखरेखीखालीच घेतात. या एका कारणासाठी तरी बी च्या प्रत्येक तीव्र रुग्णाचा दोष पहिल्या काही मात्रांच्या आधी कळलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमिसिझुमॅब या औषधाचा विषय निघेलच, म्हणून लिहिते. फॅक्टर आठचे मुख्य काम म्हणजे सक्रिय झालेला फॅक्टर नऊ आणि फॅक्टर दहा यांना एकमेकांजवळ योग्य रीतीने धरून ठेवणे. एमिसिझुमॅब हे प्रतिपिंड एका हाताने नवाला आणि दुसऱ्या हाताने दहाला पकडून तेच काम करते. त्याची रचना फॅक्टर आठसारखी नसल्यामुळे जनुकातील दोष कोणताही असो, इनहिबिटर असो वा नसो, ते ए च्या रुग्णांत लागू पडते. बी मध्ये त्याचा उपयोग नाही, कारण तेथे धरायला पुरेसा नऊच नसतो. मात्र ते सुरू असताना एपीटीटी फसवा असतो, आणि अपघात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी फॅक्टर द्यावाच लागू शकतो. म्हणजे इनहिबिटरचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

सौम्य स्वरूपाच्या रुग्णांसाठी एक मुद्दा. फॅक्टर आठच्या ए-१, ए-२ आणि ए-३ या भागांच्या सांध्यावर होणाऱ्या काही मिसेन्स बदलांत सक्रिय झालेले प्रथिन लवकर विस्कटते. अशा रुग्णांत नेहमीच्या एकटप्पी पद्धतीने मोजलेली पातळी व्यवस्थित दिसते, पण क्रोमोजेनिक पद्धतीने मोजली तर ती कमी निघते, आणि रक्तस्रावाचा त्रास बहुधा दुसऱ्या आकड्याशी जुळतो. दात काढल्यावर दोन-दोन दिवस रक्त वाहणाऱ्या माणसाला ‘तुमचा फॅक्टर उत्तम आहे’ असे सांगून परत पाठवण्यापूर्वी हे आठवावे. तसेच फॅक्टर आठ कमी असणे म्हणजे दर वेळी फॅक्टर आठच्या जनुकाचा दोष असतो असेही नाही. व्हॉन विलेब्रँड आजाराच्या २-एन या प्रकारात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आठला धरून ठेवू शकत नाही, त्यामुळे आठ लवकर नष्ट होतो आणि चित्र सौम्य हेमोफिलिया ए सारखेच दिसते. तेथे आनुवंशिकतेचे गणित पूर्ण वेगळे असते, कारण ते जनुक एक्स गुणसूत्रावर नाही. भाच्याची पातळी एक टक्क्याखाली आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही शक्यता नगण्य आहे.

---

निळी शाई:

प्लाझ्मा यांच्या प्रतिसादातून असा समज व्हायला नको की दोष कळला म्हणजे रुग्णाचे भविष्य कळले. एकच उत्परिवर्तन असलेल्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाचा गुडघा सतत सुजतो आणि दुसरा त्या मानाने सुखरूप असतो, हे अनेक कुटुंबांत दिसते.

---

प्लाझ्मा:

बरोबर आहे, आणि त्याची काही कारणे जनुकातही सापडतात. फॅक्टर आठच्या १४ क्रमांकाच्या लांबलचक एक्झॉनमध्ये ए हा बेस ओळीने अनेकदा आलेला आहे अशा जागा आहेत. तेथे एक ए गळाला तर पुढचे सगळे वाचन बिघडते आणि कागदावर हा दोष तीव्रच ठरतो. पण पेशीची यंत्रणा या एकसारख्या ओळीवर अधूनमधून घसरते आणि त्या घसरण्यातून चुकून योग्य वाचनही साधले जाते, त्यामुळे थोडेसे खरे प्रथिन तयार होते आणि आजार मध्यम स्वरूपाचा राहतो. त्याच एक्झॉनची आणखी एक नवलाई अशी की १९८८ मध्ये दोन रुग्णांच्या या भागात एल-१ नावाचा, जनुकसंचात स्वतःच्या प्रती पसरवणारा तुकडा नव्याने येऊन बसलेला आढळला. असे तुकडे माणसात आजही उड्या मारतात याचा पहिला थेट पुरावा हेमोफिलियाच्या रुग्णांनी दिला. हे विषयांतर झाले, पण राहवले नाही.

---

अनुस्वार:

सर्वांचे मनापासून आभार. अहवालाच्या तळाशी ‘या पद्धतीने इन्व्हर्जन आणि मोठे फेरबदल ओळखता येत नाहीत’ अशी ओळ खरोखरच होती. त्यानंतर दुसऱ्या प्रयोगशाळेत लाँग-रेंज पीसीआर करून घेतले, आणि भाच्यामध्ये इंट्रॉन २२ इन्व्हर्जन निघाले. बहीण वाहक आहे. आईच्या रक्तात मात्र ते आढळले नाही. माझा स्वतःचा फॅक्टर आठ ७८ टक्के आहे. आई वाहक नाही आणि माझी पातळी चांगली आहे, एवढ्यावरून मी निश्चिंत व्हावे का? आणि बहिणीने पुढच्या वेळी काय लक्षात ठेवावे?

---

सूक्ष्मदर्शी:

आईमध्ये इन्व्हर्जन नाही आणि बहिणीत आहे, म्हणजे ते बहुधा तुमच्या वडिलांच्या एका शुक्रपेशीत घडले आणि त्या शुक्रपेशीपासून बहिणीचा जन्म झाला. वडिलांना हेमोफिलिया नाही, कारण त्यांच्या शरीरातील इतर पेशींमध्ये हा दोष नाही. तुमचा जन्म वेगळ्या शुक्रपेशीपासून झाला, त्यामुळे तुम्ही वाहक असण्याची शक्यता खूपच कमी आहे. ती शून्य मात्र धरता येत नाही. वडिलांच्या किंवा आईच्या बीजपेशींपैकी काही गटात हा दोष असणे, म्हणजे मोझेइसिझम, रक्ताच्या तपासणीतून दिसत नाही.

७८ टक्के या आकड्यावर विसंबू नका. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद केले जाते आणि कोणते बंद होईल हे योगायोगावर अवलंबून असते. यकृतामध्ये फॅक्टर आठ तयार करणाऱ्या पेशींपैकी अधिक पेशींत सुदैवाने निरोगी गुणसूत्र चालू राहिले, तर वाहक स्त्रीची पातळीही शंभराच्या आसपास असू शकते. शिवाय ताण, व्यायाम, ताप आणि गर्भारपण यांनी फॅक्टर आठ वाढतो, आणि ओ रक्तगटाच्या व्यक्तींमध्ये तो मुळातच कमी असतो. आता कुटुंबातील दोष नेमका माहीत आहे, म्हणून तुमच्यात तेवढाच शोधायचा आहे. हे काम एका नमुन्यात होते आणि उत्तर हो किंवा नाही असे स्वच्छ मिळते.

---

प्लाझ्मा:

बहिणीबद्दल मी लिहिते. तिच्या प्रत्येक मुलग्याला हेमोफिलिया होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. पहिल्याला झाला म्हणून दुसऱ्याला होणार नाही, असे होत नाही. दोष माहीत असल्यामुळे गर्भावरणाची तपासणी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान किंवा गर्भजलाची तपासणी १५ आठवड्यांनंतर शक्य आहे. ती करायची की नाही हा निर्णय सर्वस्वी तिचा आणि तिच्या पतीचा. तिची स्वतःची पातळीही मोजून ठेवावी. ती ४० टक्क्यांच्या खाली असेल तर तिला नुसती वाहक न म्हणता सौम्य हेमोफिलियाची रुग्ण मानले जाते आणि शस्त्रक्रियेपूर्वी तिच्यासाठीही तयारी करावी लागते. गरोदरपणात फॅक्टर आठ वाढतो, म्हणून प्रसूतीच्या वेळचा आकडा चांगला दिसेल, पण बाळंतपणानंतर तो झपाट्याने उतरतो आणि उशिरा होणारा रक्तस्राव त्याच दिवसांत गाठतो, त्यामुळे घरी सोडल्यानंतरही लक्ष ठेवावे. बाळाला हेमोफिलिया असण्याची शक्यता असेल तर प्रसूतीत व्हॅक्यूम आणि चिमटा टाळावा, नाळेतील रक्तावर फॅक्टर आठ मोजून घ्यावा, आणि निष्कर्ष येईपर्यंत बाळाला स्नायूत इंजेक्शन देऊ नये.

तुम्ही स्वतः तपासणीला जाल तेव्हा अर्जावर नुसते ‘हेमोफिलिया जनुक तपासणी’ असे लिहू देऊ नका, नाहीतर पुन्हा एकदा २६ एक्झॉनांचे सिक्वेन्सिंग होऊन कोरा अहवाल हाती येईल. ‘एफ-८ इंट्रॉन २२ इन्व्हर्जन, वाहक तपासणी’ असे लिहून घ्या आणि सोबत भाच्याच्या नव्या अहवालाची प्रत जोडा.